दगडगोट्यांची काळी जमीन: पावसात चिबडते, सप्टेंबरात वाळते, असं का होतं आणि काय करावं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात पठारावर चार एकर वावर आहे. वरून माती काळी आणि चिकट, पण हात घालावा तिथे गोटे. माती परीक्षणाच्या अहवालात चिकणमाती ५४ टक्के, सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४६ टक्के आणि मुक्त चुना ७ टक्के. जुलैत पाणी साचून सोयाबीन पिवळं पडतं आणि सप्टेंबरात पंधरा दिवस उघडीप पडली की तेच सोयाबीन वाळतं. दरवर्षी गोटे वेचता, दरवर्षी नवे निघतात. आता जेसीबी लावून गोटे काढावेत, तलावाचा गाळ टाकावा, की सरळ संत्रा लावावा, असं तुम्ही विचारलं आहे.

अहवाल वाचून कोणीही म्हणेल की ही भारी काळी जमीन आहे. घोटाळा इथेच होतो. प्रयोगशाळेत नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि गाळून खाली पडलेल्या बारीक मातीचीच तपासणी करतात. चाळणीवर उरलेले गोटे फेकले जातात. माती किती खोल आहे आणि तिच्याखाली काय आहे, हेही अहवालात येत नाही. तुमचे ५४ टक्के हे फक्त त्या बारीक मातीतलं प्रमाण आहे. वावरात ती बारीक माती किती, हा खरा प्रश्न. माझ्या मते तुमची अडचण गोट्यांपेक्षा खोलीची आणि तळाची जास्त आहे, आणि ती मोजल्याशिवाय तिन्हीपैकी कोणत्याही कामावर पैसा घालू नये.

आधी ही जमीन अशी का झाली ते पाहू, कारण पुढचे निर्णय त्यावर ठरतात. पश्चिम विदर्भाचा बहुतेक भाग, म्हणजे बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि नागपूरचा पश्चिमेकडचा तुकडा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसला आहे. या काळ्या पाषाणात, बेसॉल्टमध्ये, चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असतं. पाऊस मध्यम, उन्हाळा कडक आणि निचरा मंद असला की त्यातून स्मेक्टाइट गटाची चिकणमाती तयार होते. हीच माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगा पडतात. हाच दगड महाबळेश्वरसारख्या धुवाधार पावसात झिजला, तर त्यातले क्षार वाहून जातात आणि जांभा उरतो. म्हणजे दगड एकच, पण पावसाने आणि निचऱ्याने माती वेगळी झाली.

पठाराच्या माथ्यावर माती तयार होते तशी वाहूनही जाते. ती खाली नाल्याकाठी साठते. म्हणून एकाच शिवारात माथ्यावर वीतभर माती आणि नाल्याकाठी दोन पुरुष खोल काळी असं चित्र दिसतं. नागपूर-वर्ध्याकडच्या जुन्या बंदोबस्तात काळी, मोरांड, खरडी, बरडी अशी खोल ते उथळ जी प्रतवारी होती ती याच उतरंडीची. तुमचं वावर वर्णनावरून खरडी आणि बरडी यांच्या मधलं वाटतं.

चार एकरांतही खोली एकसारखी नसते. पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत झिजतो. बाहेरचे पापुद्रे माती होतात आणि आतला कठीण गाभा गोल गोटा म्हणून मातीतच राहतो. त्यामुळे एका जागी सब्बल दोन फूट जाते आणि चार पावलांवर सहा इंचांत ठणकते. नागपूरला राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ पासून मातीचे नकाशे करतो आणि त्यांचा मोठा उपयोग आहे, पण चार एकरांतला हा चढउतार पाहायला स्वतःच खड्डे खोदावे लागतात.

खड्डे असे घ्या. वावराचा माथा, मधला भाग आणि खालचा धुरा, अशा तीन जागा निवडा. जिथे पीक नेहमी आधी वाळतं आणि जिथे पाणी साचतं त्या जागा त्यात आल्याच पाहिजेत. प्रत्येक ठिकाणी आधी बरोबर एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खोदा. त्यातून निघालेलं सगळं ताडपत्रीवर काढा. हरभऱ्याच्या दाण्याहून मोठे खडे-गोटे वेगळे करा आणि धुऊन घ्या, कारण ही माती दगडाला चिकटून बसते आणि न धुता मोजलं तर गोटे जास्त भरतात. आता एक बादली काठोकाठ पाण्याने भरून टोपल्यात ठेवा आणि गोटे हळूहळू तिच्यात सोडा. बाहेर सांडलेलं पाणी लिटरच्या मापाने मोजा. एका घनफुटाचे साधारण २८ लिटर होतात. नऊ लिटर पाणी सांडलं तर गोट्यांनी ३२ टक्के जागा घेतली आहे असं समजा.

वजनावर जाऊ नका. कठीण पाषाण मातीच्या दुपटीहून जड असतो, त्यामुळे वजनात निम्मे गोटे दिसले तरी जागेत ते एक तृतीयांशच भरतात. आणि एक तपासा: फोडल्यावर आतून पिवळसर-करडा भुसभुशीत निघतो तो मुरूम, तो थोडं पाणी धरतो. आतून काळा, चकचकीत आणि कोरडा निघतो तो पाषाण, तो काहीच धरत नाही.

मग तोच खड्डा तीन फूट रुंद करून खाली न्या. कठीण लागेपर्यंत किंवा तीन फुटांपर्यंत, जे आधी येईल तिथे थांबा. आता तळ तपासा. सब्बल ठणकन उसळली आणि पांढरा ओरखडा उमटला तर खाली पाषाणाची चादर आहे. सब्बल रुतली आणि तुकडे हाताने मोडले तर मुरूम आहे. मुरमाच्या फटींत मुळं गेलेली दिसतात का ते बघा. गेली असतील तर मुरमालाही अर्धी माती समजायला हरकत नाही. दोन फुटांखाली ढेकळ फोडल्यावर तिरपे, चोळून गुळगुळीत झालेले, चमकणारे पृष्ठ दिसले, तर तिथली माती खऱ्या अर्थाने फुगून-आक्रसून घोळली जाते आणि ती भारी काळी आहे. उथळ गोट्याच्या मातीत हे पृष्ठ सहसा दिसत नाहीत, कारण सरकायला खोलीच नसते.

आता तुमचं कोडं सुटतं. समजा माती ३० सेंटिमीटर खोल निघाली आणि गोटे ३० टक्के. म्हणजे कामाची माती २१ सेंटिमीटर. अशी चिकणमाती दर सेंटिमीटरला पिकाला उचलता येईल असं साधारण १.६ मिलिमीटर पाणी धरते. एकूण झाले ३४ मिलिमीटर. शेंगा भरताना सोयाबीन दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी घेतं. पूर्ण साठा सात-आठ दिवसांत संपतो. पण त्यातला निम्माच पिकाला सहज मिळतो, पुढचा निम्मा ओढून घ्यावा लागतो, म्हणून चौथ्या दिवसापासूनच पीक ताणावर येतं. नाल्याकाठच्या मीटरभर बिनगोट्याच्या काळीत हाच साठा १६० मिलिमीटर असतो, म्हणून त्या शेजाऱ्याचं सोयाबीन पंधरा दिवसांच्या उघडिपीत हिरवं राहतं. शिवाय चिकणमाती शेवटचं पाणी घट्ट धरून ठेवते. माती हाताला ओलसर लागते आणि झाड मात्र मान टाकतं, ते यामुळेच.

जुलैत पाणी का साचतं? भेगा बुजल्या की फुगलेली माती तासाला मोजकेच मिलिमीटर पाणी आत घेते. खाली पाषाणाची चादर असेल तर जेवढं आत गेलं तेही तिच्यावर अडून बसतं. साठवण लहान म्हणून ती लवकर भरते आणि लवकर रिकामी होते. चिबडणं आणि वाळणं या दोन्हींचं मूळ हेच आहे. म्हणून उपायही असे हवेत की जास्तीचं पाणी हळूच बाहेर निघावं आणि आतली ओल वाया जाऊ नये.

जेसीबीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. ३० सेंटिमीटरच्या थरातले ३० टक्के गोटे काढले की माती वाढत नाही, जमीनच ९ सेंटिमीटर खाली बसते आणि २१ सेंटिमीटर उरते. माती तेवढीच. वरून जेसीबीचा दात मुरूम आणि चुनखडीचा थर उकरून वर आणतो, आणि एकदा वर आलेला मुरूम पुन्हा खाली जात नाही. खोल पल्टी नांगरानेही तेच होतं. एक फुटाच्या आत मुरूम असलेल्या वावरात दरवर्षी खोल नांगरट म्हणजे आपल्याच हाताने बरड तयार करणं. तीन वर्षांतून एकदा, तेही मातीच्या खोलीच्या आतच फाळ ठेवून नांगरा. बाकीच्या वर्षी वखराच्या दोन पाळ्या पुरतात. रोटावेटर गोट्यांत पाती मोडतोच, शिवाय मातीचं पीठ करतो आणि पहिल्या जोराच्या पावसात त्या पिठाची खपली धरते.

गोटे दरवर्षी का निघतात, याची दोन कारणं आहेत. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यात बारीक माती वरून घरंगळते. जूनमध्ये माती फुगली की जागा पुरत नाही, दाब वरच्या दिशेने येतो आणि गोटा थोडा वर सरकतो. त्याला परत खाली जाण्याएवढी भेग रुंद नसते. दुसरं कारण धूप, माती वाहून जाते आणि गोटा उघडा पडतो. तुमच्याकडे कोणतं कारण जास्त आहे ते ओळखायचं असेल तर पहिल्या दोन-तीन जोराच्या पावसांनंतर उघड्या जागी वाकून बघा. लहान खडे मातीच्या बोटभर खुंट्यांवर उभे दिसले तर खड्याखालची माती वाचली आणि भोवतालची तेवढी उडून गेली, असा त्याचा अर्थ. अशा जागी गोटे वेचण्याआधी धूप थांबवा.

सगळे गोटे वेचूही नका. मुठीपेक्षा मोठे काढा, कारण त्यांच्यामुळे तिफणीचा किंवा पेरणी यंत्राचा फण उचलला जातो, बी वर पडतं आणि तासात खाडे पडतात. मुठीच्या आतले राहू द्या. ते पावसाच्या थेंबाचा मार झेलतात आणि त्यांच्याखालची ओल टिकते. फक्त ते खपलीत रुतून बसले की पाणी उलट जास्त वाहून जातं, म्हणून डवरणी (ओळींमधली कोळपणी) चुकवू नका. वेचणीला उत्तम वेळ म्हणजे उन्हाळ्यातली पहिली वखरणी झाल्यावर. निघालेले गोटे खालच्या धुऱ्यावर नुसते ओतू नका. फूटभर पाया खोदून मोठे खाली आणि लहान वरच्या अंगाला, असा बांध घाला आणि एका टोकाला सांडवा ठेवा. सांडवा नसला तर पाणी बांधाला बगल देऊन शेजाऱ्याच्या वावरात घळ पाडतं.

पेरणी उताराला आडवीच करा. सोयाबीनला रुंद सरी-वरंबा पद्धत या जमिनीला फार मानवते, कारण सरीतून जास्तीचं पाणी निघतं आणि उघडिपीत तीच सरी ओल धरते. यंत्र नसेल तर पीक ३० ते ३५ दिवसांचं झाल्यावर डवऱ्याला दोरी गच्च गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी काढा. सऱ्यांचं तोंड सांडव्याकडे न्या.

वाफशाबद्दल, म्हणजे माती मशागतीला योग्य इतकी ओली असण्याबद्दल, दोन शब्द. या जमिनीत कामाचे दिवस थोडेच मिळतात. ओल्यात गेलात तर माती लिंपली जाते आणि वाळून विटेसारखी ढेकळं निघतात. चार बोटं खोलीची माती घेऊन गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा, चपटा होऊन बसला तर थांबा. माथ्यावर वाफसा आधी येतो आणि खालच्या भागात दोन-तीन दिवसांनी, म्हणून चारही एकर एकाच दिवशी उरकायचा आग्रह धरू नका.

अहवालातले आकडे आता वाचू. माती काळी म्हणजे कसदार असं नाही. काळा रंग थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा चिकणमातीशी घट्ट बंध झाल्याने येतो, म्हणून कर्ब ०.४६ असूनही माती काळीच दिसते. एकरी किमान दोन टन कुजलेलं शेणखत द्या, आणि सोयाबीनचं कुटार व पराटी (कपाशीची झाडं) जाळू नका. सामू ८.१ आणि चुना असल्याने स्फुरद अडकतो, तो फेकून न देता बियाखाली दोन इंचांवर पेरून द्या. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक असतं, सोयाबीनला दोन्ही लागतात. जस्त कमी दाखवलं असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट, पण ते सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका, दोघं एकमेकांना बांधून टाकतात. युरिया वर फेकून उघडा ठेवला तर या सामूला त्याचा अमोनिया उडतो, म्हणून डवरणीने झाका आणि हप्ते लहान ठेवा. गोट्यांनी एक तृतीयांश जागा घेतली असेल तर अहवालातले उपलब्ध अन्नद्रव्यांचे आकडेही तेवढेच कमी धरा. जिप्सम विकायला कोणी आलं तर विचारा, सोडियम किती? पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याच्या चोपण जमिनीला जिप्सम हवं. तुमचा प्रकार तो नाही.

पिकांचं गणित खोलीवर बांधा. एक फुटाच्या आत जिथे तळ लागतो तिथे लवकर येणारं सोयाबीन, मूग, उडीद, ज्वारी. दीड फुटाच्या पुढे तूर घ्या. पराटीला दोन फूट तरी हवेत. त्याहून उथळ जागी उशिरा येणारा संकरित वाण बोंडं भरताना लाल पडतो. तिथे कापूस घ्यायचाच असेल तर कमी दिवसांचा, बुटका वाण दाट लावा. संरक्षित ओलीत देता येत असेल तर तुषारने एका पाळीला २५ मिलिमीटर पुरे, म्हणजे एकरी एक लाख लिटर. याहून जास्त पाणी तुमची माती धरतच नाही, ते खाली वाहून जातं आणि मोटरीचं बिल वाढतं. विहिरीत एक-दोनच पाळ्यांचं पाणी असेल तर ते शेंगा भरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवा.

संत्र्याचं उत्तर परिस्थितीवर आहे. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे बागा टिकल्या त्या निचऱ्याच्या मुरमावर बसलेल्या पुरेशा खोल मातीत. मातीसह पोखरता येणारा मुरूम धरून मीटरभर खोली हवी. शिवाय अहवालातला ७ टक्के चुना वरच्या थरातला आहे, खाली तो वाढत जातो. म्हणून दोन-तीन फुटांचा नमुना वेगळा तपासा आणि १० टक्क्यांच्या वर निघाला तर संत्रा सोडा. मग ७५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यात फूटभर पाणी भरा. ते मुरलं की पुन्हा फूटभर भरा आणि २४ तासांनी बघा. निम्म्याहून जास्त पाणी उभं असेल तर त्या जागी कलम लावू नका. चिकणमातीत खोदलेला आणि भुसभुशीत मातीने भरलेला खड्डा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, मूळ सडतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) दिसतो. त्या वेळी औषधाने फारसं साधत नाही. पाषाणाची चादर असलेल्या माथ्यावर फळझाडच हवं असेल तर सीताफळ लावा. ते उथळ मुरमाड जमिनीत निभतं आणि पाणीही कमी मागतं.

राहिला गाळ. तिन्ही पर्यायांत मला हाच तुमच्या कामाचा वाटतो, कारण तो थेट खोली वाढवतो. पण हिशेब नीट करा. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, साधारण २.८ घनमीटर. दहा ब्रासने जेमतेम ७ मिलिमीटरचा थर होतो, त्याने काही फरक पडत नाही. ५ सेंटिमीटर थराला एकरी सत्तरेक ब्रास लागतात आणि त्यातून साठवण अंदाजे ८ मिलिमीटरने वाढते. म्हणून चारही एकरांवर पातळ पसरण्यापेक्षा खड्ड्यांत सर्वांत उथळ निघालेल्या एक एकरावर पूर्ण टाका. वावराचा खालचा भाग आधीच चिबडतो, तिथे एक ब्रासही नको. उचलण्याआधी गाळाचा नमुना तपासून घ्या: सामू ८.५ च्या वर किंवा सोडियम जास्त असेल तर तो गाळ तलावातच राहू द्या. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे, तुमच्या जवळच्या तलावाचं काम त्यात आहे का ते जलसंधारण कार्यालयात विचारा. एप्रिल-मे मध्ये ढीग पसरून ढेकळं उन्हात तापू द्या आणि पहिल्या पावसानंतर वाफशावर वखराने खालच्या मातीत मिसळा. तसाच वर राहिला तर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळं वरच्या थरातच फिरत राहतात.